कंडेन्सर घरी बदलून गॅस बाहेर भरून घेणे: क्रम, तेल आणि वजन यांविषयी मार्गदर्शन हवे

रत्नागिरीचा वाहनचालक

नमस्कार. माझ्याकडे २०१४ सालची छोटी पेट्रोल हॅचबॅक आहे आणि तिचा एसी गेल्या काही उन्हाळ्यांपासून त्रास देत आहे. गॅस भरला की काही आठवडे चांगली थंड हवा येते, नंतर ती हळूहळू कोमट होत जाते आणि शेवटी कॉम्प्रेसरचा क्लच लागेनासा होतो. ज्या गॅरेजमध्ये मी गाडी देत होतो, तेथे दर वेळी लीक न शोधता केवळ गॅस भरून दिला गेला.

या वेळी मी पुढची जाळी काढून कंडेन्सर (गरम गॅस थंड करून त्याचा द्रव करणारा, रेडिएटरच्या पुढचा भाग) नीट पाहिला. त्याच्या उजव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात, जेथे चपट्या नळ्या उभ्या पाइपला जोडलेल्या असतात तेथे, तेलकट आणि धूळ चिकटलेला डाग दिसतो. त्या भागातील पत्त्या पांढऱ्या पडून बोट लावताच गळून पडतात. आमचे घर समुद्रापासून जवळ असल्यामुळे खाऱ्या हवेचा हा परिणाम असावा असा माझा अंदाज आहे.

बंपर काढणे, कंडेन्सरचे बोल्ट सोडवणे आणि नवीन भाग बसवणे ही कामे मला जमतील असे वाटते, कारण याच गाडीचा रेडिएटर मी स्वतः बदललेला आहे. व्हॅक्यूम पंप आणि गेज मात्र माझ्याकडे नाहीत, म्हणून ते काम एसीच्या दुकानातून करून घेण्याचा विचार आहे. तसे करणे योग्य ठरेल का, आणि ठरणार असेल तर कामाचा क्रम कसा ठेवावा? नव्या कंडेन्सरमध्ये तेल घालावे लागते असे वाचले आहे. ते कोणते आणि किती घालावे? ड्रायर (गॅसमधील बाष्प शोषणारा भाग) वेगळा बदलावा लागेल का? जाणकारांनी सविस्तर सांगितल्यास आभारी राहीन.

शिल्पनिदेशक

आपले निरीक्षण बरोबर दिशेने जात आहे. एसीमधील गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. रबरी नळ्यांतून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून वर्षानुवर्षांत थोडासा निसटतो हे खरे, पण काही आठवड्यांत थंडावा जात असेल तर कोठेतरी स्पष्ट गळती आहे. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असल्यामुळे गळतीच्या जागी तेल बाहेर येते आणि त्यावर धूळ बसते. आपल्याला दिसलेला डाग बहुधा तोच आहे. तरीही कंडेन्सर विकत घेण्यापूर्वी खात्री करावी असे मी आग्रहाने सांगेन. सिस्टिममध्ये थोडा गॅस शिल्लक असेल तर साबणाचा फेस त्या कोपऱ्यावर लावून पाहावा. गॅस उरलेला नसेल तर दुकानात कोरडा नायट्रोजन सुमारे १५० पीएसआय दाबाने भरून तीच तपासणी करता येते. टायरवाल्याकडची दाबाची हवा यासाठी कधीही वापरू नये, कारण तिच्यात बाष्प असते, आणि ऑक्सिजन तर तेलाशी संपर्क येताच स्फोटाला कारण होऊ शकतो. याच वेळी कूलिंग कॉइलच्या (डॅशबोर्डमागे आतली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) पाणी निघणाऱ्या नळीजवळही लीक डिटेक्टर फिरवून घ्यावा. कंडेन्सर आणि कॉइल या दोन्हींना गळती असताना एकच भाग बदलला तर सगळा खर्च पुन्हा करावा लागतो.

आता क्रम. सिस्टिममध्ये दाब असताना एकही पाइप सोडवू नये. आर-१३४ए हा एसीतला गॅस वातावरणाच्या दाबाखाली उणे २६ अंशांना उकळतो, त्यामुळे द्रवरूपात त्वचेवर किंवा डोळ्यांत उडाल्यास गंभीर इजा होते. शिवाय त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट धरली जाते. म्हणजे ४०० ग्रॅम गॅस हवेत सोडणे हे जवळजवळ ५७० किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे. म्हणून गाडी आधी दुकानात नेऊन उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने काढून घ्यावा आणि मगच घरी काम सुरू करावे.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून बंपर उतरवावा, कारण अनेक गाड्यांत त्याच्यामागे एअरबॅगचे सेन्सर असतात. कंडेन्सरच्या दोन पाइपांचे ॲल्युमिनियमचे ठोकळे सहसा एकेका बोल्टने बसवलेले असतात. कोकणातील गाडीत हे बोल्ट गंजून बसलेले असण्याची शक्यता मोठी आहे, तेव्हा आदल्या दिवशीच त्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे आणि सोडवताना पाइप पिळला जाणार नाही याची काळजी घ्यावी. पाइप निघताच त्याचे तोंड प्लास्टिकच्या टोपणाने किंवा स्वच्छ पिशवीने घट्ट बांधावे. या एका गोष्टीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. एसीचे पीएजी तेल हवेतील बाष्प अतिशय वेगाने शोषते आणि रत्नागिरीच्या दमट हवेत पाइप दिवसभर उघडे राहिले तर आतल्या तेलात आणि ड्रायरमध्ये पाणी साठते. ते पाणी पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (कॉइलमध्ये द्रव मोजून सोडणाऱ्या झडपेच्या) बारीक छिद्रापाशी गोठते, आणि गॅस व तेल यांच्याशी संयोग होऊन तयार होणारी आम्ले ॲल्युमिनियम आतून खातात. म्हणून नव्या कंडेन्सरची बुचे अगदी शेवटच्या क्षणी, पाइप जोडण्याच्या वेळीच काढावीत, आणि पावसाळी दिवशी हे काम करू नये.

ड्रायरविषयी आपण विचारले आहे. आपल्या गाडीच्या काळातील अनेक छोट्या गाड्यांत ड्रायर कंडेन्सरच्या बाजूच्या उभ्या नळकांड्यातच असतो आणि नव्या कंडेन्सरबरोबर तो येतो. आपल्या गाडीत वेगळा असेल तर तो बदललाच पाहिजे. त्याच्या आतील बाष्प शोषणाऱ्या गोळ्यांचे आयुष्य संपलेले असते.

ओ-रिंग नव्याच वापराव्यात, त्या आर-१३४एसाठीच्या एचएनबीआर रबराच्या असाव्यात आणि बसवताना त्यांवर एसीच्या तेलाचा थेंब फिरवावा, ग्रीस किंवा इंजिन ऑइल नव्हे. बोल्ट ६ मिलिमीटरचे असतील तर ८ ते १० न्यूटन-मीटर इतका ताण पुरतो, कारण ॲल्युमिनियमचे आटे त्याहून अधिक जोर सहन करत नाहीत.

यानंतर गाडी दुकानात न्यावी. ती चालवत नेताना एसी बंदच ठेवावा आणि शक्य असल्यास कॉम्प्रेसरच्या क्लचचा प्लग काढून ठेवावा.

कोल्हापूर एसी वर्कशॉप

वरील उत्तर उत्तम आहे. मी रोज हेच काम करतो, त्यामुळे तेल, सुटा भाग आणि गॅसचा डबा यांविषयी थोडी भर घालतो.

छोट्या गाडीच्या पूर्ण सिस्टिममध्ये तेल साधारण १०० मिलिच्या आसपासच असते. कंडेन्सर बदलताना जुन्या कंडेन्सरमध्ये अडकलेले तेल त्याच्याबरोबर जाते, तेवढे नव्यात घालायचे असते. बहुतेक छोट्या गाड्यांसाठी हे प्रमाण २० ते ४० मिलि असते. आपल्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा. जुना कंडेन्सर उलटा करून निघेल ते तेल मापात धरले तर अंदाज पक्का होतो, आणि त्या तेलाचा रंगही पाहावा. ते स्वच्छ किंवा किंचित पिवळसर असेल तर काळजी नाही. काळे असेल किंवा त्यात चंदेरी चुरा दिसला तर कॉम्प्रेसर आतून झिजत आहे असे समजावे, आणि तो प्रश्न सोडवल्याशिवाय नवा कंडेन्सर बसवू नये. आजच्या कंडेन्सरच्या नळ्यांतील छिद्रे इतकी बारीक असतात की एकदा चुरा गेला की तो धुऊन निघत नाही.

तेलाची जात कॉम्प्रेसरवरील लेबलवर लिहिलेली असते. पीएजी ४६, पीएजी १०० आणि पीएजी १५० ही वेगवेगळ्या घट्टपणाची तेले आहेत आणि ‘एसीचे तेल द्या’ असे मोघम सांगून घेतलेले तेल लावू नये. ज्या हायब्रिड आणि विजेवरच्या गाड्यांत कॉम्प्रेसर विजेच्या मोटरवर चालतो, तेथे सहसा पीओई तेल असते आणि त्यात पीएजी मिसळल्यास विद्युतरोधन बिघडू शकते. आपल्या गाडीला हे लागू नाही, पण इतर वाचकांसाठी नमूद करतो.

नवा कंडेन्सर घेताना जुना समोर ठेवून तुलना करावी. स्वस्त नकलेत पाइपांची तोंडे काही मिलिमीटर इकडेतिकडे असतात आणि मग बसवणारा पाइप वाकवून जोडतो. अशा जोडावर कायम ताण राहतो आणि तेथेच पुढची गळती सुरू होते. पत्त्यांची दाटी कमी असेल तर गाडी उभी असताना थंडावा कमी पडतो. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत बाजूंनी लावलेल्या फोमच्या किंवा रबराच्या पट्ट्या जुन्या भागावरून जपून काढून नव्यावर लावाव्यात. त्या राहून गेल्या तर पंखा समोरची ताजी हवा ओढण्याऐवजी इंजिनच्या बाजूची गरम हवाच फिरवत राहतो.

आणखी एक गंभीर बाब म्हणजे गॅसचा डबा. अतिशय स्वस्तात मिळणाऱ्या, नाव नसलेल्या डब्यांत कधी ज्वलनशील हायड्रोकार्बनचे मिश्रण असते, तर कधी आर-४० म्हणजे मिथाइल क्लोराइड मिसळलेले असते. आर-४० ॲल्युमिनियमशी संयोग पावून असे द्रव्य तयार करते, जे हवा लागताच पेट घेते. २०११ साली समुद्री वाहतुकीच्या शीत-कंटेनरांत अशाच बनावट गॅसमुळे स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले होते. आपण ज्या दुकानात जाल तेथे सिलिंडर डोळ्यांनी पाहावा, बिल मागावे आणि गळती आतून बुजवणारे कोणतेही रसायन घालू देऊ नये, कारण ते व्हॉल्व्ह आणि रिकव्हरी मशीन दोन्ही चोंदवते.

रत्नागिरीचा वाहनचालक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. साबणाच्या फेसाने त्याच कोपऱ्यात बुडबुडे आले आणि कॉइलपाशी डिटेक्टर वाजला नाही, त्यामुळे कंडेन्सर मागवला आहे. एक शंका राहते. येथील एसीवाल्या दादांचे म्हणणे असे की ते कित्येक वर्षे गेजवरचा दाब पाहूनच गॅस भरतात, वजनकाट्याची आवश्यकता नसते, आणि व्हॅक्यूम दहा मिनिटे पुरतो. त्यांचा अनुभव मोठा आहे आणि त्यांना दुखवण्याची माझी इच्छा नाही. तरीही वजनाचा आग्रह धरावा का?

शिल्पनिदेशक

आग्रह अवश्य धरावा, आणि तो त्यांच्या अनुभवाचा अनादर न करता धरता येतो. बॉनेटच्या खाली किंवा पुढच्या आडव्या पट्टीवर एसीचे लेबल असते, त्यावर गॅसचा प्रकार आणि ग्रॅममधील वजन छापलेले असते. त्याचा फोटो दाखवून ‘एवढे ग्रॅम मोजून घाला’ अशी विनंती करावी. छोट्या हॅचबॅक गाड्यांत हे प्रमाण साधारण ३५० ते ५०० ग्रॅम असते, म्हणजे ५० ग्रॅमची चूक देखील दहा टक्क्यांच्या आसपास जाते.

दाबावरून वजन का कळत नाही, ते सांगतो. बंद सिस्टिममध्ये थोडा तरी द्रव शिल्लक असेल तोवर आतला दाब केवळ तापमानावर अवलंबून असतो. ३० अंशांना तो सुमारे ९७ पीएसआय भरतो, मग आत २०० ग्रॅम असोत की ४५० ग्रॅम. इंजिन चालू असताना दिसणारे दाबही बाहेरचे तापमान, हवेतील दमटपणा, पंख्याचा वेग आणि इंजिनचे फेरे यांनुसार बदलतात, त्यामुळे तोच आकडा सकाळी एक गोष्ट सांगतो आणि दुपारी दुसरी. पाइपवरील काचेच्या खिडकीतील बुडबुड्यांवर विसंबणेही धोक्याचे आहे, कारण सबकूल प्रकारच्या (द्रव झालेल्या गॅसला आणखी थंड करणाऱ्या) कंडेन्सरमध्ये बुडबुडे नाहीसे झाले तरी गॅस पुरेसा झालेला नसतो. गॅस कमी राहिला तर कॉम्प्रेसरकडे परतणारे तेल कमी होते आणि तो कोरडा पडत जातो. जास्त झाला तर हाय साइडचा (कॉम्प्रेसरपुढच्या, जास्त दाबाच्या बाजूचा) दाब चढतो आणि द्रव कॉम्प्रेसरमध्ये शिरण्याची भीती असते. दाब हे निदानाचे साधन आहे. भरण्याचे माप मात्र वजन हेच आहे.

व्हॅक्यूमविषयी. पंप हवा काढतो हे सर्वांना दिसते, परंतु त्याचे अधिक मोलाचे काम आतले पाणी उकळवून बाष्परूपाने बाहेर काढणे हे आहे. ३० अंश तापमानाचे पाणी उकळण्यासाठी आतला दाब वातावरणाच्या सुमारे चार टक्क्यांपर्यंत उतरावा लागतो, म्हणजे समुद्रसपाटीवर व्हॅक्यूम गेजचा काटा पाऱ्याच्या २८.७ इंचांच्या पलीकडे जायला हवा. तेथे पोहोचल्यावरही तेलात मुरलेले पाणी सावकाशच निघते. सिस्टिम उघडलेली असताना निदान ४५ मिनिटे, आणि आपल्या हवेत शक्यतो तासभर पंप चालवावा. नंतर व्हॉल्व्ह बंद करून २० मिनिटे काटा पाहावा. तो परत येऊ लागला तर कोठेतरी गळती आहे किंवा आत पाणी उरले आहे. काटा स्थिर राहिला म्हणून गळती नाहीच असेही समजू नये, कारण व्हॅक्यूममध्ये फरक जेमतेम एका वातावरणाचा असतो आणि चालू एसीत हाय साइडला त्याच्या पंधरा पट दाब येतो. म्हणूनच व्हॅक्यूमच्या आधी नायट्रोजनची तपासणी करून घ्यावी.

भरताना इंजिन बंद ठेवून द्रवरूप गॅसचा मोठा भाग गेजच्या लाल नळीने हाय साइडला जातो. मग लाल व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून, कॉम्प्रेसरचा क्लच हाताने काही वेढे फिरवून इंजिन सुरू करावे आणि उरलेला गॅस निळ्या नळीने लो साइडला (कमी दाबाच्या बाजूला) वाफेच्या रूपात घ्यावा. इंजिन आणि एसी चालू असताना लाल व्हॉल्व्ह उघडला तर दाब उलटा डब्यात शिरतो आणि डबा फुटू शकतो. नळीत राहणारे २०–३० ग्रॅमही हिशेबात धरावेत.

कोल्हापूर एसी वर्कशॉप

व्हॅक्यूमच्या आकड्याबद्दल घाटमाथ्यावरच्या वाचकांसाठी एक सूचना. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास असल्यामुळे आमच्याकडे उत्तम पंपावरही काटा सुमारे २८ वर थांबतो. पुण्यातही तसेच होते. पंप खराब आहे असे समजून तो बदलू नये. मायक्रॉन गेज (आत उरलेला प्रत्यक्ष दाब दाखवणारे गेज) असेल तर ५०० मायक्रॉनचे लक्ष्य ठेवावे, त्यावर उंचीचा परिणाम होत नाही.

मडगावचा वाचक

गोव्यात आमच्याही गाड्यांचे कंडेन्सर असेच खाल्ले जातात, म्हणून देखभालीविषयी लिहितो. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर गोड्या पाण्याची हलकी धार नियमितपणे मारावी, जेणेकरून मीठ आणि चिखल पत्त्यांत साठून राहणार नाहीत. धुण्याच्या दुकानातील दाबाची पिचकारी जवळून मारू नये, पत्त्या आडव्या होतात आणि हवेची वाट बंद होते. ॲल्युमिनियम उजळणारी आम्लयुक्त किंवा सोडायुक्त रसायनेही टाळावीत. सर्व्हिस पोर्टच्या (गॅस भरण्याच्या तोंडांच्या) प्लास्टिक टोप्यांविषयी कोणीच लिहिले नाही. आतली पिन थोडी जरी झिरपत असेल तरी ती टोपी गॅस अडवते, म्हणून हरवलेली टोपी लगेच बदलावी, आणि सिस्टिम रिकामी असतानाच दोन्ही पिना नव्या बसवून घ्याव्यात. त्यांची किंमत अगदी किरकोळ असते.

रत्नागिरीचा वाहनचालक

काम पूर्ण झाले. जुन्या कंडेन्सरमधून निघालेले तेल स्वच्छ होते. नायट्रोजनचा दाब अर्धा तास तसाच राहिला, त्यानंतर एक तास व्हॅक्यूम ठेवून लेबलप्रमाणे वजन करून गॅस भरला. दादांनी शेजारच्या दुकानातून वजनकाटा आणला आणि पुढच्या गाड्यांसाठी तो ठेवणार असल्याचे सांगितले, याचा मला विशेष आनंद झाला.

बाहेर ३३ अंश असताना, इंजिन १५०० फेऱ्यांवर आणि समोर मोठा पंखा लावलेला असताना लो साइड ३४ आणि हाय साइड २१५ पीएसआय असे दाब मिळाले. रस्त्यावर धावताना मधल्या झरोक्यात ८ अंश तापमान मिळते. मात्र सिग्नलला थांबल्यावर ते १४ पर्यंत चढते, आणि दुकानात मोठा पंखा बंद केल्यावर हाय साइड २९० च्या पुढे गेली. गॅस जास्त झाला असेल का?

शिल्पनिदेशक

गॅस वजन करून भरलेला असल्यामुळे ती शंका बाजूला ठेवता येते. व्हॅक्यूमही पुरेसा झालेला असल्याने आत हवा उरल्याची शक्यता कमी आहे. बाहेरची हवा मिळताच सर्व आकडे चांगले येतात, म्हणजे दोष गाडीच्या स्वतःच्या हवेच्या प्रवाहात आहे.

एसी चालू करून पंखा पाहावा. तो फिरतो की नाही एवढे पाहून भागणार नाही, तो पूर्ण वेगाने फिरतो का हे पाहावे. अनेक गाड्यांत कमी वेगासाठी रेझिस्टर आणि जास्त वेगासाठी वेगळा रिले असतो, आणि रिले गेला की पंखा कमी वेगावरच अडकतो. फ्यूज बॉक्समधील त्याच जातीचा दुसरा रिले तेथे लावून पाहिल्यास लगेच कळेल. रिले ठीक निघाला तर पंख्याच्या कनेक्टरवर इंजिन चालू असताना व्होल्टेज मोजावे. ते बॅटरीइतके असूनही वेग येत नसेल तर मोटरचे ब्रश झिजले आहेत. पंख्यात दोष नसेल तर कोल्हापूरच्या मित्रांनी सांगितलेल्या बाजूच्या पट्ट्या जागेवर आहेत का, आणि कंडेन्सर काढला तेव्हा रेडिएटरच्या पुढच्या बाजूला साठलेला कचरा साफ झाला होता का, हे तपासावे. तोवर दुपारच्या उन्हात उभ्या गाडीत एसी जास्त वेळ चालवू नये, कारण हाय प्रेशर स्विच कॉम्प्रेसर वारंवार तोडेल आणि नव्या जोडांवर विनाकारण ताण येईल. दोष दूर झाल्यावर त्याच तापमानाला, बाहेरचा पंखा न लावता दोन्ही बाजूंचे दाब पुन्हा मोजून येथे कळवावेत.